आबांच्या मारुतीचे दोन आवाज

माझ्या वडिलांची, म्हणजे आबांची, १९९८ सालची मारुती ८०० गाडी २०२३ च्या उन्हाळ्यापासून सुरू होताना अडू लागली. अडण्याचे प्रकार दोन होते, पण आम्ही घरच्यांनी आणि गाडी पाहिलेल्या दोन्ही मेकॅनिकनी ते एकच दुखणे धरले. त्यामुळे पाच महिने गेले, नवी बॅटरी आली, सेल्फची (चावी फिरवल्यावर इंजिन फिरवणाऱ्या मोटरीची) पूर्ण दुरुस्ती झाली, तरी गाडी होती तिथेच राहिली. मी सांगलीतल्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. विभवांतर, रोध आणि विद्युतधारा यांचे नाते दहावीच्या मुलांना वीस वर्षे फळ्यावर लिहून दाखवत आले आहे, आणि तेच नाते घराच्या दारात उभ्या असलेल्या गाडीला लावून पाहण्याची बुद्धी मला दिवाळीच्या सुट्टीत झाली. नोंदणी नूतनीकरणासाठी डिसेंबरात गाडी तपासणीला न्यायची होती आणि तिथे ती बंद पडली असती तर घरातले सगळेच म्हणाले असते की आता भंगारात द्या. आबांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे; त्यांना हे वाक्य ऐकवण्याची माझी तयारी नव्हती.

गाडीची मागची हकीकत सांगितली पाहिजे, कारण दोन्ही दोषांचे मूळ तिथेच सापडले. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी तिथे ४५ फूट धरली जाते. तेव्हा आम्ही सांगलीतल्या गावभाग या जुन्या वस्तीत राहत होतो आणि गाडी बोळाच्या तोंडाशी उभी होती. आई-आबांना घेऊन आम्ही विश्रामबागेत बहिणीकडे आलो, गाडी मात्र मागेच राहिली. पाणी ओसरल्यावर पाहिले तेव्हा गाळाची रेघ सीटच्या वर उमटली होती. म्हणजे सेल्फ, डायनामो, गिअरबॉक्स आणि बॅटरी ही सगळी मंडळी कित्येक दिवस कृष्णेच्या गढूळ पाण्यात बुडून होती. (आमच्याकडचे वायरमन आल्टरनेटरला, म्हणजे इंजिन चालू असताना बॅटरी भरणाऱ्या यंत्राला, अजून डायनामोच म्हणतात, म्हणून मीही इथे तोच शब्द ठेवला आहे.) इंजिन आणि गिअरबॉक्सचे ऑइल बदलले, सेल्फ आणि डायनामो उघडून धुऊन वाळवले, बॅटरी आणि सीटची भरणी नवी घातली, आणि गाडी चालू झाली. चालू झाली म्हणजे बरी झाली, असे आम्ही मानले. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आले तेव्हा आम्ही विश्रामबागेत कायमचे राहायला आलेलो होतो आणि गाडीला थेंबही लागला नाही.

२०२३ च्या मे महिन्यात पहिल्यांदा असे झाले की दोन दिवस उभी असलेली गाडी सकाळी सुरू होईना. दुकानदाराने भार लावून बॅटरी तपासली, ती उतरली आहे असे सांगितले, आणि चार वर्षांची बॅटरी म्हटल्यावर आम्हीही फार विचार न करता नवी घेतली. पंधरा दिवसांत नवी बॅटरीही तशीच उतरली. जूनमध्ये आबांना घेऊन औदुंबरला दर्शनाला गेलो. जाताना काही त्रास झाला नाही. दर्शन घेऊन अर्ध्या तासाने परत आलो, चावी फिरवली, तर एकदाच टक असा आवाज आला आणि पुढे काही नाही. दोन-तीन भाविकांनी धक्का दिला, गाडी लगेच सुरू झाली. गॅरेजमध्ये हे सांगितल्यावर सेल्फ काढला, बुश आणि कार्बन बदलले, आर्मेचर लेथवर साफ करून घेतले. आठ दिवस गाडी ठणठणीत चालली आणि नवव्या दिवशी भर दुपारी बाजारात पुन्हा टक. हे आठ दिवस का बरे गेले याचे उत्तर मला नोव्हेंबरात मिळाले. ते पुढे येईल.

सुट्टी लागल्यावर पहिले काम म्हणून मी वही केली. गाडी किती तास उभी होती, इंजिन गार होते की तापलेले, चावी फिरवल्यावर नेमका कोणता आवाज आला, आणि त्या क्षणी पुढचे दिवे मंद झाले की जवळजवळ विझले, एवढ्याच चार गोष्टी प्रत्येक वेळी लिहायच्या. जुन्या तक्रारी आबांच्या आणि बहिणीच्या आठवणीतून भरल्या. सहा-सात नोंदी झाल्यावर पान आपोआप दोन भागांत विभागले गेले. सकाळी, गार इंजिन, दोन रात्री उभी असलेली गाडी: टकटकटकटक असा भरभर आवाज, आणि दिवे अगदी निखाऱ्यासारखे. दुपारी, तापलेले इंजिन, नुकतीच चालवून थांबवलेली गाडी: एकच टक, आणि दिवे थोडे मंद होतात पण विझत नाहीत. पाच महिने आम्ही प्रत्येकाला फक्त इतकेच सांगत होतो की गाडी सुरू होत नाही.

हे दोन आवाज वेगळे का, हे समजून घेण्यासाठी सेल्फच्या डोक्यावर बसलेल्या सोलेनॉइडचे काम पाहावे लागते. चावी फिरवली की त्याच्या गुंडाळीतून प्रवाह जातो आणि आतला लोखंडी दट्ट्या ओढला जातो. तो दट्ट्या पिनियन, म्हणजे मोटरीचे छोटे दातेरी चाक, पुढे ढकलून इंजिनच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो आणि शेवटी तांब्याची एक चकती दोन जाड बोल्टांवर टेकवून मोटरीला बॅटरीचा सगळा प्रवाह मोकळा करतो. बॅटरी उतरलेली असेल तर दट्ट्या ओढण्यापुरता जोर तिच्यात असतो, पण मोटर प्रवाह मागू लागली की विभवांतर कोसळते, दट्ट्या धरून ठेवता येत नाही आणि तो मागे येतो. मोटर सुटताच विभवांतर पुन्हा वर येते आणि दट्ट्या पुन्हा ओढला जातो. हे सेकंदाला अनेक वेळा होते आणि आपल्याला टकटकटक ऐकू येते. एकच टक येते तेव्हा दट्ट्या ओढला गेलेला असतो आणि धरलेलाही असतो, पण मोटरीला फिरण्याइतका प्रवाह पोचत नसतो. पहिल्यात बॅटरीतच काही नाही; दुसऱ्यात बॅटरीत आहे, पण वाटेत कुठेतरी अडते आहे. औदुंबरच्या धक्क्याने आणखी एक गोष्ट सिद्ध केली होती, ती म्हणजे पेट्रोल आणि ठिणगी दोन्ही ठीक आहेत. नाहीतर गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चार पावलांत सुरू झाली नसती. म्हणून कार्बोरेटर, कॉइल आणि प्लग यांच्याकडे मी पाहिलेच नाही.

आधी सकाळचा दोष घेतला. बॅटरी खरोखर दोषी आहे का, हे ठरवण्यासाठी मी दोन रात्रींची तुलना केली. गाडी चालवून आणल्यावर चार तास थांबले, कारण चार्जिंगनंतर लगेच मोजलेले विभवांतर फसवे, जास्तीचे येते. संध्याकाळी १२.६२ व्होल्ट होते. पहिल्या रात्री बॅटरीची ऋण केबल काढून ठेवली, सकाळी १२.६० व्होल्ट. दुसऱ्या रात्री केबल जोडून ठेवली, सकाळी १२.४५, आणि आणखी एक दिवस-रात्र गेल्यावर १२.१४. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ च्या आसपास असते आणि १२.२ म्हणजे साधारण अर्धी राहिलेली. हायड्रोमीटरने सहाही कोठ्यांतले आम्ल पाहिले, त्यात एकमेकींपासून फरक नव्हता. बॅटरी निर्दोष होती. गाडी उभी असताना तिच्यातून काहीतरी चोरून प्रवाह ओढत होते.

तो प्रवाह मोजायचा तर मल्टीमीटर मालिकेत जोडावा लागतो: ऋण केबल बॅटरीपासून सोडवायची आणि मीटरचे एक टोक केबलला, दुसरे बॅटरीच्या खुंटाला लावायचे, मीटर १० अँपिअरच्या जागी ठेवून. इथे एक गोष्ट बजावून सांगते, विशेषतः बायकांना. या कामाला बसण्यापूर्वी सोन्याच्या बांगड्या, अंगठी आणि मंगळसूत्र काढून ठेवावे. बॅटरीच्या धन खुंटावर वाकलेले असताना सोन्याची साखळी खुंट आणि बॉडी यांच्यामध्ये आली तर तिच्यातून शेकडो अँपिअर जातात आणि क्षणात ती लाल होऊन कातडीला चिकटते. केबल काढताना नेहमी ऋण आधी, लावताना ऋण शेवटी, हाही त्याच कारणाचा नियम आहे. आणि मीटर मालिकेत असताना चावीला कोणी हात लावायचा नाही. माझा भाचा मदतीला होता. त्याला हे सांगायचे राहून गेले आणि त्याने सवयीने चावी फिरवली. मीटरमधला १० अँपिअरचा फ्यूज त्याच क्षणी गेला आणि नवा आणेपर्यंत एक दिवस वाया गेला.

दुसऱ्या दिवशी मीटरने ०.३८ अँपिअर दाखवले. दारे बंद होती, आतला दिवा बंद होता, चावी काढलेली होती. जुन्या साध्या गाडीत हा आकडा ०.०५ च्या आत हवा. ०.३८ म्हणजे चोवीस तासांत नऊ अँपिअर-तास, आणि बॅटरी ३५ अँपिअर-तासांची. दोन दिवसांत निम्मी उतरणार हे वहीतल्या नोंदींशी तंतोतंत जुळले. मग डॅशबोर्डखालच्या पेटीतले फ्यूज एकेक करून काढत गेले. ज्याच्या काढण्याने आकडा खाली येईल त्या वाटेवर चोर, असा हिशेब. टेपचा फ्यूज काढल्यावर ०.३६ झाले, बाकी कशानेच काही फरक पडेना. पेटी पूर्ण रिकामी झाली तरी मीटर ०.३६ वर स्थिर. मला वाटते बहुतेक लोक इथेच हात टेकतात, पण ही नोंद निरर्थक नव्हती, उलट तिने जागा नेमकी दाखवली होती. ज्या तारा या पेटीतून जातच नाहीत त्यांच्यापैकी एक दोषी होती, आणि जाड तारांत तशा दोनच ठळक: बॅटरीकडून सेल्फकडे जाणारी आणि डायनामोकडून बॅटरीकडे येणारी. ऋण केबल सोडवली, डायनामोच्या मागचा नट काढून त्याची तार बाजूला केली, टोकाला रबरी नळी चढवली आणि पुन्हा मीटर लावले. शून्य.

डायनामोवर कोणाचा संशय जाणे शक्य नव्हते, कारण इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.९ व्होल्ट येत होते आणि तेवढे पाहून दोन्ही मेकॅनिकनी त्याला पास केले होते. मी तो काढून मिरजेत एका जुन्या वायरमनकडे नेला. त्यांना सगळे चाचा म्हणतात, मीही तेच म्हणते. चाचांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, "चार्जिंग करतोय न्हवं मॅडम? मग उघडायचा कशाला?" मी वही दाखवली. ०.३६ आणि शून्य हे दोन आकडे त्यांनी दोनदा वाचले आणि एक शब्द न बोलता पाना हातात घेतला.

डायनामोत प्रत्यावर्ती धारा तयार होते आणि सहा डायोड तिला एकाच दिशेची करून बॅटरीकडे सोडतात. इंजिन बंद असताना हेच डायोड बॅटरीचा प्रवाह उलट्या वाटेने आत येऊ देत नाहीत. चाचांनी मागचे झाकण काढले तेव्हा डायोड प्लेटच्या सांदीत करड्या मातीचा थर तसाच होता, चार वर्षांपूर्वीचा. त्यांनी गुंडाळीच्या तारा झाळ काढून मोकळ्या केल्या आणि टेस्ट लॅम्प घेऊन एकेका डायोडला आधी सुलट, मग उलट प्रवाह दिला. सुलट दिशेला दिवा झगझगीत, उलट दिशेला पूर्ण काळा, असे चार डायोडांचे झाले. पाचव्याला उलट जोडल्यावर मी म्हणाले, हाही ठीक आहे. चाचांनी माझ्या हातात दिवा देऊन तळहाताचा आडोसा करायला सांगितले. आडोशात पाहिले तर बल्बची तार राखेखालच्या निखाऱ्यासारखी लाल होती. सहाव्याचेही तसेच. त्यातला एक धन बाजूचा होता आणि एक ऋण बाजूचा, आणि हे मला फार महत्त्वाचे वाटले, कारण एकच गळका डायोड असता तर वाट अर्धीच उघडली असती आणि पलीकडच्या चांगल्या डायोडने प्रवाह अडवला असता. दोन्ही बाजूंचे एकेक गळल्यामुळे बॅटरीच्या धन खुंटापासून गुंडाळीतून थेट बॉडीपर्यंत बारीकशी सलग वाट तयार झाली होती, आणि त्या वाटेने रोज नऊ अँपिअर-तास वाहून जात होते. नवी डायोड प्लेट बसवली, बेअरिंगे खरखरत होती तीही बदलली. घरी येऊन मोजले: ०.०२ अँपिअर, तेही टेपच्या आठवणीपुरते. त्या दिवसापासून टकटकटक आवाज एकदाही आलेला नाही.

दुपारची टक मात्र तशीच होती, आणि खरे सांगायचे तर याच भागासाठी मी हे सगळे लिहीत आहे.

सेल्फ नवाच म्हणावा असा, बॅटरी भरलेली; मग राहिल्या वाटेतल्या तारा. तार तपासण्याची सर्वत्र चालणारी रीत अशी की मीटर कंटिन्युइटीवर ठेवायचे, तारेच्या दोन टोकांना लावायचे आणि बीप वाजली की तार चांगली म्हणायची. गॅरेजमध्ये हेच केले होते, मीही आधी हेच केले, आणि सगळ्या तारांनी बीप दिली. या तपासणीत मूलभूत चूक आहे. मीटर तारेतून जो प्रवाह पाठवते तो फार तर काही मिलीअँपिअर असतो. तेवढ्याला शंभर धाग्यांपैकी एक धागा शाबूत असला तरी पुरतो. सेल्फला लागतात सत्तर-ऐंशी-नव्वद अँपिअर. समजा तारेत ०.०१ ओहम एवढाच रोध वाढला आहे. मीटरची स्वतःची टोके एकमेकांना टेकवली तरी ०.२ ओहम दिसतात, त्यात हा ०.०१ कुठे दिसणार? पण ९० अँपिअर वाहू लागले की त्याच ०.०१ ओहमवर ०.९ व्होल्ट खर्च होतात. रोध तोच, प्रवाह वाढला की तो दिसू लागतो. म्हणून ओहम मोजायचेच नाहीत. सेल्फ मारत असताना तारेच्या दोन टोकांमधले व्होल्ट मोजायचे. चांगल्या तारेवर ते शून्याच्या जवळ येतात, कारण चांगली तार स्वतःसाठी काही ठेवून घेत नाही.

गाडी न्यूट्रलमध्ये ठेवली, हँडब्रेक ओढला, कॉइलची बारीक तार काढली म्हणजे इंजिन फिरेल पण सुरू होणार नाही. भाचा चावीवर बसला. या वेळी त्याने माझ्या शब्दाशिवाय हात लावला नाही. आधी धन बाजू पाहिली: बॅटरीच्या धन खुंटापासून सेल्फच्या जाड बोल्टापर्यंत ०.२५ व्होल्ट. चालण्यासारखे. मग ऋण बाजू, म्हणजे सेल्फचा प्रवाह इंजिनच्या धातूतून बॅटरीकडे परत येण्याची वाट: मीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण खुंटावर, क्लँपवर नव्हे तर शिशाच्या खुंटावरच, आणि दुसरे इंजिनच्या उघड्या धातूवर. गार इंजिनला ०.९ व्होल्ट आले. या बाजूला ०.२ च्या वर गेले की शंका घ्यावी, आणि हे चौपटीहून अधिक होते. तरीही ०.९ व्होल्टने सेल्फ अडत नाही. इंजिन फिरतच होते, जरा जडपणे. दोष पूर्ण दिसण्यासाठी गाडी तापवणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तासगावच्या रस्त्याने वीस किलोमीटर फिरवून आणली, दारात उभी केली, पंधरा मिनिटे थांबलो आणि पुन्हा तेच माप घेतले. भाच्याने चावी फिरवली. टक. मीटरवर ५.६ व्होल्ट. त्या क्षणी बॅटरीच्या खुंटांवर १०.९ होते; म्हणजे निम्म्याहून जास्त विभवांतर त्या एका ऋण वाटेवरच खर्ची पडत होते आणि सेल्फच्या वाट्याला जेमतेम पाच व्होल्ट येत होते. तापल्यावरच का, याचे उत्तर दुहेरी आहे. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.३९ टक्के वाढतो, त्यामुळे इंजिनशेजारी ५० अंशांनी तापलेल्या सेल्फच्या आणि सोलेनॉइडच्या गुंडाळ्या जवळपास वीस टक्के अशक्त झालेल्या असतात. शिवाय जे धागे केवळ एकमेकांना टेकून काम चालवत असतात ते उष्णतेने सरकतात आणि सुटतात.

चावी पुन्हा पुन्हा फिरवायला लावून मी मीटरचे टोक वाटेने पुढे सरकवत गेले. खुंट ते क्लँप ०.०३. खुंट ते बॉडीचा बोल्ट ०.१. खुंट ते गिअरबॉक्सवरचे थिंबल, म्हणजे केबलच्या टोकाला चेपलेली धातूची कडी, ५.५. थिंबल ते गिअरबॉक्सचा धातू ०.०५. म्हणजे दोष कुठल्याही जोडात नव्हता, बॉडीच्या बोल्टापासून गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या हातभर केबलच्या पोटात होता. बाहेरून ती काळीभोर, गुळगुळीत, दोन्ही टोकांचे बोल्ट घासून चकचकीत केलेले. आमच्यापैकी प्रत्येकाने ते बोल्ट कधी ना कधी पॉलिश पेपरने घासले होते.

केबल काढली आणि थिंबलपासून बोटभर अंतरावर ब्लेडने रबर चिरले. आत तांबे नव्हतेच म्हणावे लागेल. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवले की जसा हिरवा कळंक चढतो तसा हिरवा-पांढरा भुगा रबराच्या आतून निघाला आणि माझ्या मांडीवर सांडला. त्यातून बाहेर आलेले धागे काळे होते; नखाने वाकवले की केरसुणीच्या हिरासारखे कट करून तुटत होते. चिमटीत धरून मोजले तर लवचीक आणि लालसर असे सात-आठच धागे उरले होते. आणखी वीतभर चिरत गेल्यावर रबराला आतून चिकटलेला करडा गाळ दिसला. थिंबलच्या तोंडातून शिरलेले पुराचे पाणी वातीतल्या तेलासारखे धाग्याधाग्यातून वर चढले होते, आणि वरून रबर असल्यामुळे ते कधी वाळले नव्हते. सेल्फ दुरुस्तीनंतर गाडी आठ दिवस का चालली तेही आता कळले. सेल्फ काढता-घालताना ही केबल हलली, वळली, आणि उरलेले धागे काही दिवस एकमेकांना नीट टेकले; श्रेय मात्र कार्बन-बुशना मिळाले.

केबल हातात घेऊन बसलेले असताना मला क्लच आठवला. त्या वर्षात क्लचची केबल दोनदा जड झाली होती आणि दोनदा बदलली होती, आणि दुसऱ्यांदा काढलेल्या केबलच्या आतले प्लॅस्टिकचे अस्तर वितळलेले होते. मेकॅनिकने ती इंजिनच्या उष्णतेने वितळली असे सांगितले होते. कारण वेगळे होते. सेल्फचा प्रवाह इंजिनकडून बॅटरीकडे परत आलाच पाहिजे. त्याची नेमलेली वाट बंद झाली तर तो इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी दुसरी कुठलीही धातूची वाट धरतो. क्लचची लोखंडी केबल ही तशी वाट होती. दर वेळी चावी फिरवली की ती केबल हीटरच्या तारेसारखी तापत होती. तो वितळलेला तुकडा जूनमध्ये आमच्या हातात होता, आणि त्या वेळी कोणी दोन गोष्टी जोडून पाहिल्या असत्या तर सेल्फ उघडावाच लागला नसता.

नवी केबल चाचांकडेच करून घेतली. १६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, तांब्याचीच थिंबले, हातोडीने न ठोकता दाबयंत्राने दाबलेली, आणि वर उष्णतेने आवळणारी स्लीव्ह. हातोडीने चेपलेल्या थिंबलमध्ये फटी राहतात आणि त्याच फटींतून पाणी शिरते, हे पटवून द्यायला आता मला वेळ लागला नाही. जुनी केबल मी त्यांच्या टेबलावर ठेवली होती. चाचांनी ती उलटसुलट केली आणि म्हणाले, "अशा किती गाड्या असतील बघा सांगलीत. पाणी उतरलं, गाड्या धुतल्या, झालं." त्यांनी त्या दिवशी माझ्याकडून केबलचेच पैसे घेतले, मजुरी घेतली नाही.

बोल्टाखालचा रंग घासून धातू उघडा केला, केबल आवळली आणि वरून ग्रीस लावले, आधी नाही. गार इंजिनला ०.०८ व्होल्ट. दुपारी तासगाव रस्त्याची तीच फेरी, तेवढीच पंधरा मिनिटे, पुन्हा माप: ०.०९. सेल्फ असा फिरला की आबा आतून ओट्यावर आले आणि म्हणाले, "हा नवीन गाडीचा आवाज आहे." १९९८ साली गाडी आणली तेव्हाचा आवाज त्यांच्याच कानात असणार, माझ्या नाही.

डिसेंबरात तपासणीला गाडी नेली. रांगेत चार वेळा बंद करून सुरू करावी लागली आणि चारही वेळा ती पहिल्या चावीला सुरू झाली. नोंदणीचे नूतनीकरण झाले. नंतरच्या पौर्णिमेला आबांना औदुंबरला नेले. परत निघताना त्यांनी स्वतःच मागून घेऊन चावी फिरवली.

वही मी चालूच ठेवली आहे. दर महिन्याला तीच तीन मापे घेते: उभ्या गाडीचा प्रवाह, ऋण वाट आणि धन वाट. पहिली दोन जागची हललेली नाहीत. धन बाजूचे माप नोव्हेंबरात ०.२५ होते, जानेवारीत ०.३१ आणि मार्चमध्ये ०.३८ झाले. ती केबलही पुरात बुडालेलीच आहे. अर्धा व्होल्ट होईपर्यंत थांबण्यात अर्थ नाही. मापाची तार आणि थिंबले चाचांकडून आणून ठेवली आहेत, येत्या रविवारी ती बदलायची आहे.